न गेलेली पत्रं

पट्टीवाल्या बाईंचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, आणि ते तिथेच राहत असे. वस्तीतल्या तेराशे घरांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. बाई दारात दिसल्या की आतून आवाज यायचा, "पट्टीवाल्या बाई आल्या, बाटली शोधा!" आणि बाई म्हणायच्या, "बाटली मी आणलीय. तुम्ही फक्त भरून द्या." हा विनोद त्यांनी बावीस वर्षांत हजारो वेळा केला असेल, तरी दर वेळी घरातलं कुणीतरी हसायचंच. लघवीचं नाव काढलं की माणसं अवघडतात, आणि एकदा हसली की सरळ होतात, हे बाईंना नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

काम साधं होतं. दर दोन वर्षांनी प्रत्येक घरी जायचं. पंचविशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं वजन आणि रक्तदाब मोजायचा, झाकणाची बाटली हातात द्यायची. ती भरून परत आली की त्यात कागदाची पट्टी बुडवायची, मनगटावरच्या घड्याळात साठ सेकंद मोजायचे आणि पट्टीचा रंग डबीवर छापलेल्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळी राहिली तर शून्य. हिरवट झाली तर एक किंवा दोन. गडद हिरवी झाली तर तीन, म्हणजे मूत्रपिंडातून नको ते गळतंय. आकडा फॉर्मात लिहायचा, आणि तीन असेल तर शेजारच्या चौकोनात खूण करायची. या वस्तीत मूत्रपिंडं इतक्या लवकर का निकामी होतात, हे शोधायला सरकारी अनुदानावर हा सगळा खटाटोप चालला होता. लोक त्याला नुसतं 'अभ्यास' म्हणत. आपल्यावर कुणीतरी अभ्यास करतंय याचा काहींना थोडा अभिमानही होता.

एक नियम मात्र कडक होता. पट्टीचा आकडा दारात सांगायचा नाही. तिसऱ्या वर्षी बाईंच्या एका सहकाऱ्याने एका शिंप्याला तोंडावर सांगून टाकलं होतं, की तुमचं काही खरं नाही. शिंप्याने घाबरून आठ दिवसांत शिलाई मशीन विकलं, आणि नंतर कळलं की पट्ट्यांची ती डबीच दमट होऊन खराब झालेली होती. त्या दिवशी अभ्यासाचे मोठे डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "यापुढे तुमच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडता कामा नये. खूण करा. इथे प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी होईल आणि मग माझ्या सहीचं पत्र घरी जाईल." नियम शहाणपणाचाच होता. वाईट गोष्टी नेहमी मूर्खपणाच्या नियमांनीच होतात असं थोडंच आहे?

पण दारातल्या माणसाला काहीतरी सांगावं लागतंच. बाटली देऊन बसलेला माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. म्हणून बाईंनी स्वतःचं एक वाक्य बसवलं. "पत्र आलं तर लगेच दवाखान्यात या. पत्र नाही आलं तर खुशाल राहा." लोकांना ते फार आवडलं. पोस्टमन पुढच्या दाराकडे वळला की बायका सुटकेचा श्वास टाकत. बाकीचे कर्मचारीही तेच म्हणू लागले. मोठ्या डॉक्टरांनी एका बैठकीत बाईंचं कौतुकही केलं. बाईंना त्या वाक्याचा अभिमान होता, हे इथे सांगून टाकायला हवं, कारण पुढे त्यांनी स्वतःला सगळ्यात जास्त बोल लावला तो याच गोष्टीसाठी.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची थोरली बहीण राहायची. ताई विधवा होती, एका छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायची. दिवसभर उभं राहून छापील कागदांच्या घड्या घालायच्या आणि त्या शिवायच्या, हे तिचं काम. तिला एकच मुलगी. ताईचा स्वभाव असा, की ताप आला तरी कपाळाला हात लावू द्यायची नाही. "कसं वाटतंय?" असं विचारलं तर म्हणायची, "तुला काय वाटायला हवंय?" बाई लहानपणापासून तिला वचकून होत्या. ताईचं घर अभ्यासात होतं, क्रमांक चारशे सतरा, आणि तिथेही बाई नेमाप्रमाणे बाटली घेऊन जात. त्या दिवशी मात्र ताई बाईंना "या मॅडम" म्हणायची.

अभ्यासाचं अनुदान तीन-तीन वर्षांनी मंजूर व्हायचं. एका वर्षी ते झालंच नाही. नामंजूरही झालं नाही. फाईल वर गेली होती आणि वरच राहिली होती. मोठे डॉक्टर या कार्यालयातून त्या कार्यालयात चकरा मारून थकले. दर वेळी कुणीतरी चहा पाजून सांगे की काम महत्त्वाचं आहे, त्याबद्दल दुमतच नाही. दुमत नव्हतं आणि सहीही नव्हती. शेवटी गाडी बंद झाली, चालक गेला, आणि पत्रं काढणारा कारकून दुसरी नोकरी धरून निघून गेला. दारोदार जाणाऱ्यांनी मात्र अर्ध्या पगारावर काम चालू ठेवलं. मध्येच खंड पडला तर आधीची सगळी वर्षं वाया जातात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बाई त्या काळात पायीच फिरल्या, एक घर चुकवलं नाही. फॉर्म भरले जात होते, नमुने तपासले जात होते, आकडे संगणकात चढत होते. पत्रं तेवढी निघत नव्हती. हे कुणी ठरवून केलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्याच दिवसांत चारशे सतराची पाळी आली. ताईने बाटली आणून टेबलावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाईंनी पट्टी बुडवली. घड्याळाकडे बघायची गरजच पडली नाही. वीस सेकंदांतच पट्टी गडद हिरवी झाली. तरी बाईंनी साठ पूर्ण मोजले. मग दुसरी पट्टी काढून पुन्हा मोजले. त्यांनी फॉर्मात तीन लिहिलं आणि चौकोनात खूण केली.

"झालं का तुझं रंगकाम?" ताईने आतून विचारलं.

"झालं."

"मग जेवून जा."

बाई जेवल्या. आता सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण शिंपी आठवला. शिवाय मनात आलं, सख्ख्या बहिणीसाठी नियम मोडायचा, मग बाकीच्या घरांनी काय घोडं मारलंय? पंधरा दिवसांत पत्र येईल, डॉक्टरांची सही असेल, आणि ताई सहीचं ऐकेल. माझं कुठे ऐकणार आहे ती?

पंधरा दिवस गेले, महिना गेला. ताई काही बोलली नाही. बाईंना वाटलं, पत्र आलंय आणि ही लपवतेय. तिच्या स्वभावाला ते धरूनच होतं. एकदा त्यांनी धीर करून आडून विचारलं, "काही टपाल वगैरे आलं का गं?"

"विजेचं बिल आलंय. भरतेस?"

बाई हसल्या, आणि विषय तिथेच संपला. पुढे ताईचे पाय सुजायला लागले. "उभ्याचं काम आहे," ती म्हणाली. बाईंनी दोनदा सांगितलं की दाखव कुणाला तरी. ताईने कानाडोळा केला. औषधं चालू असतील, सांगत नसेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. एकमेकींचा मान राखण्याच्या नादात दोघी बहिणींनी असं वर्ष घालवलं. बाईंच्या हातात रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, पायात चालायचं बळ होतं, आणि बहीण दोन गल्ल्यांवर होती. नंतर हे आठवून त्या कितीतरी वेळा भिंतीकडे तोंड करून रडल्या.

चौदाव्या महिन्यात ताई छापखान्यातच कोसळली. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने कागद बघितले आणि म्हणाला, "दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. वर्षभर आधी आणलं असतं तर साध्या गोळ्यांवर बरीच वर्षं निघाली असती. कधी तपासणी केली नव्हती?"

"दर दोन वर्षांनी व्हायची," भाची म्हणाली. ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती. "मी आईला कितीदा म्हटलं दाखवून ये. ती म्हणायची, अभ्यासवाल्यांचं पत्र नाही आलं, म्हणजे मला काही झालेलं नाही."

बाई तशाच उठल्या आणि पायी कार्यालयात गेल्या. अनुदान तोवर सुटलं होतं, नवा कारकूनही येऊन सहा महिने झाले होते. बाईंनी त्याला चारशे सतराचं पत्र कधी गेलं ते विचारलं. त्याने वही चाळली. ते गेलेलंच नव्हतं. तो रुजू झाला त्या दिवसापासूनची पत्रं त्याने चोख काढली होती. त्याच्या आधीच्या आठ महिन्यांबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलं नव्हतं. बाईंनी कपाटातले जुने फॉर्म जमिनीवर काढले आणि खुणा शोधू लागल्या. एकसष्ट निघाल्या. त्यातल्या तेवीस त्यांच्याच हाताच्या होत्या.

मोठे डॉक्टर ते बघून खाली खुर्चीत बसले. दोन दिवसांत एकसष्ट पत्रं तयार झाली. टपालावर विसंबायला आता कुणाचीच तयारी नव्हती, सगळे हातोहात वाटायला निघाले. काही घरी वेळेवर पोचले. काही घरांत पत्र घ्यायला तो माणूस राहिला नव्हता. चारशे सतराचं पत्र बाईंनी पिशवीत ठेवलं आणि रुग्णालयात नेलं, पण ताईला दिलं नाही. तिला तेव्हा धड डोळेही उघडता येत नव्हते. सात महिन्यांनी ती गेली.

त्या सात महिन्यांत एकदा, रुग्णालयाच्या जिन्यात, भाची चिडून म्हणाली होती, "तुमच्या त्या पट्टीला काहीच कळत नाही, मावशी. आईचं एवढं झालं आणि पट्टी पिवळीच!" पट्टी पिवळी नव्हती, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. पोरीचं आधीच काय चाललं होतं! नंतर सांगू, असं त्यांनी ठरवलं. ताई गेल्यावर ती आणि मावशी, एवढंच एकमेकींना उरलं. भाची एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम शिकली. दर रविवारी बाईंकडे जेवायला यायची, बाईंच्या पायांना तेल चोळून द्यायची. जसजसा वेळ गेला तसतसं ते सांगणं अवघड होत गेलं. सांगितलं तर रविवार जाईल, ही भीती होती. बाकी काही नाही. बाई त्यासाठी चार वर्षं मूग गिळून बसल्या.

आणि मग अभ्यासाचं नाव झालं. मोठ्या डॉक्टरांचा शोधनिबंध कुठल्याशा मोठ्या नियतकालिकात आला. तो वाचून काही कळण्याएवढं बाईंचं शिक्षण नव्हतं. ज्या वरिष्ठांनी फाईल वर ठेवली होती त्यांनीच आता सन्मान जाहीर केला, आणि पुढच्या पाच वर्षांचं अनुदान एका झटक्यात मंजूर झालं. डॉक्टरांनी मागितलेली दोन यंत्रं मिळाली, तीन संशोधक मिळाले. पत्रांच्या कारकुनाचं पद तेवढं अनुदान समितीने कापलं. शेजारी शेरा होता: संशोधनाशी थेट संबंध नाही. डॉक्टरांनी तो कागद बाईंना दाखवला. "मी पुन्हा लिहितो त्यांना," ते म्हणाले. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

सन्मानाच्या कार्यक्रमात दारोदार फिरणाऱ्यांच्या वतीने मानपत्र बाईंनी घ्यावं असं ठरलं. भाचीने हट्टाने रजा काढली, मावशीला नव्या चपला घेतल्या. "तुझ्या जुन्या बघून त्यांना वाटेल तू चोरून आत शिरलीस," ती म्हणाली. सकाळी अकराला दोघी सभागृहात दुसऱ्या रांगेत बसल्या. भाषणं झाली. ज्यांनी कधी वस्ती बघितली नव्हती त्यांनी वस्तीचे आभार मानले. भाची मधून मधून बाईंच्या हाताला कोपर लावून हसत होती.

मग मोठे डॉक्टर उठले. पडद्यावर एक आलेख आला. दोन रेषा एकाच जागेवरून निघत होत्या. एक हळूहळू उतरत होती, दुसरी कड्यावरून पडल्यासारखी खाली जात होती.

"पट्टी गडद झालेल्या माणसांच्या या दोन रेषा आहेत," डॉक्टर म्हणाले. "वरच्या रेषेतल्यांना लगेच कळवलं गेलं आणि साध्या गोळ्या मिळाल्या. खालच्या रेषेत एकसष्ट जण आहेत. त्या काळात आमचं अनुदान थांबलं होतं, आणि आमची पत्रं त्यांच्यापर्यंत गेली नाहीत. लवकर कळलं तर माणूस वाचतो, हे आज सिद्ध झालं आहे. ते या दोन रेषांमधल्या अंतरामुळे सिद्ध झालं. खालची रेषा आम्ही मुद्दाम काढलेली नाही. पण ती आमचीच आहे."

मग पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या, आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

भाचीने वाजवल्या नाहीत. ती पडद्याकडे बघत होती. काचा घासणारी मुलगी ती, केसाएवढा फरक ओळखायची तिला सवय होती.

"मावशी, हे कुठल्या वर्षीचं?"

बाईंनी वर्ष सांगितलं.

"आई त्या खालच्या रेषेत आहे?"

"हो."

"म्हणजे पट्टी पिवळी नव्हती."

"नव्हती."

"ती कुणी बघितली होती?"

"मीच. मीच लिहिलं तीन. मला वाटलं पत्र आलंय आणि ताई लपवतेय."

"तू आमच्याकडे जेवायला यायचीस," भाची हळू आवाजात म्हणाली. "त्या अख्ख्या वर्षात. किती वेळा जेवलीस आमच्याकडे?"

इतक्यात व्यासपीठावरून बाईंचं नाव पुकारलं गेलं, ते हजेरीपत्रकातलं. बाईंना आधी ते आपलंच आहे हे कळलं नाही. शेजारच्याने खांद्याला हात लावला तेव्हा त्या उठल्या. पायऱ्या चढल्या, मानपत्र घेतलं, छायाचित्र काढणाऱ्याने सांगितलं तशा उभ्या राहिल्या. वरून दुसरी रांग स्पष्ट दिसत होती. भाची पिशवी उचलून दाराकडे चालली होती.

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. बाई दोन माणसांचा स्वयंपाक करत राहिल्या आणि सोमवारी शिळं खात राहिल्या. दोनदा तिच्या दुकानासमोरून गेल्या, पण आत जाण्याचा धीर झाला नाही. काचेआड ती मान खाली घालून काम करताना दिसली, एवढ्यावर परत फिरल्या.

फेरीत चारशे सतराची पाळी पाच आठवड्यांनी आली. भाचीने नुकतीच पंचविशी ओलांडली होती, म्हणजे आता ती स्वतः अभ्यासात बसत होती. बाईंना दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. त्या स्वतः गेल्या.

भाचीने दार उघडलं, बाजूला झाली. बस म्हणाली नाही. बाईंनी संमतीपत्र पुढे केलं. ते पानभर असतं आणि आजवर कुणी वाचलेलं नव्हतं, सगळे खाली सही करून मोकळे होत. भाचीने उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. 'तपासणीचा निष्कर्ष पत्राने कळवला जाईल' या ओळीवर तिने आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'समोर सांगावा', आणि सही केली.

"आई त्यात आहे म्हणून करतेय," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

वजन झालं. रक्तदाब मोजताना बाईंना तिचा दंड धरावा लागला, आणि पाच आठवड्यांनी त्या पोरीला हात लावताना त्यांचे डोळे भरून आले. भाचीने मान वळवून ठेवली. मग ती बाटली घेऊन आत गेली, भरून आणली आणि टेबलाशी उभी राहिली. ताई अशा वेळी स्वयंपाकघरात जायची. ती गेली नाही. बाईंनी पट्टी बुडवली. साठ सेकंद दोघींनी एकाच घड्याळात बघितले.

"पिवळी आहे," बाई म्हणाल्या. नियम झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी दारात आकडा सांगितला. "शून्य. तुला काही नाही बाळा. काही नाही."

भाचीने हुंदका दिला, एकच, आणि तो लगेच आवरला. बाई पुढे झाल्या, तर ती मागे सरकली.

"आईलाही एवढंच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "एक शब्द."

"हो."

"पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठव."

फॉर्मात शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना असतो, घरच्यांनी काही सांगितलं तर लिहायला. बाईंनी त्यात लिहिलं: 'पुढील भेटीस दुसरा कर्मचारी पाठवावा.' मग पिशवी उचलली, आणि शेजारच्या घरी गेल्या.